अंगवळणी पडणे इंग्रजीत कसे सांगावे?

माणसाचे आयुष्य म्हणजे जुन्या सवयी सोडण्याची आणि नव्या सवयी लावून घेण्याची एक अखंड प्रक्रिया होय. शिक्षणासाठी गाव सोडून शहरात आलेला विद्यार्थी, बदली होऊन कोकणातून विदर्भात गेलेला कर्मचारी, धरणामुळे नव्या गावठाणात वसलेले कुटुंब, सासरी आलेली सून, या सर्वांना एकाच अनुभवातून जावे लागते. पूर्वी एक रीत होती, आता ती राहिली नाही. नवी रीत आली आहे आणि ती हळूहळू अंगवळणी पडत आहे. हा अनुभव सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. सवय होणे, सरावणे, रुळणे, जुळवून घेणे, अंगवळणी पडणे, पाणी मानवणे अशा कितीतरी छटा आपल्या भाषेने टिपून ठेवल्या आहेत.

इंग्रजीत हाच आशय सांगताना मात्र शिकलेल्या माणसाचीही गल्लत होते. याचे कारण असे की, ‘यूज्ड टु’ हे एकच शब्दयुग्म इंग्रजीत तीन अगदी भिन्न कामे करते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये राज्याचा कारभार मराठीतून चालतो. तथापि अन्य राज्ये, विद्यापीठे, बँका, तसेच अनेक संस्था यांच्याशी होणाऱ्या व्यवहारात इंग्रजीचा उपयोग करावा लागतो. राज्यातील शाळांत २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिल्या इयत्तेपासून शिकविला जातो. यास्तव या रचनेची नीट उकल करून घेणे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

एक अहवाल, तीन अर्थ

समजा, एखाद्या गावाच्या पाणीपुरवठ्याविषयी इंग्रजीत अहवाल पाठवावयाचा आहे. त्यात पुढीलपैकी एक वाक्य येऊ शकेल.

पहिले वाक्य : ‘द व्हिलेजर्स यूज्ड टु ड्रिंक रिव्हर वॉटर.’ याचा अर्थ, गावकरी पूर्वी नदीचे पाणी पीत असत. पुढे वेगळा खुलासा नसेल, तर आता ते तसे करीत नाहीत, असाच बोध वाचणाऱ्याला होतो.

दुसरे वाक्य : ‘द व्हिलेजर्स आर यूज्ड टु ड्रिंकिंग रिव्हर वॉटर.’ याचा अर्थ, गावकऱ्यांना नदीचे पाणी पिण्याची सवय आहे. येथे गोष्ट आजची आहे.

तिसरे वाक्य : ‘रिव्हर वॉटर इज यूज्ड टु इरिगेट द फील्ड्स.’ याचा अर्थ, नदीचे पाणी शेती भिजविण्यासाठी वापरले जाते. येथे सवयीचा प्रश्नच नाही. वस्तूचा वापर कशासाठी होतो, एवढेच सांगितले आहे.

आता या तिन्हींची सरमिसळ होऊन पुष्कळदा असे वाक्य लिहिले जाते : ‘द व्हिलेजर्स आर यूज्ड टु ड्रिंक रिव्हर वॉटर.’ वाचणारा येथे कोड्यात पडतो. लिहिणाऱ्याने ‘आर’ हा शब्द चुकून जास्त घातला, की ‘ड्रिंक’ला ‘इंग’ लावावयाचे राहून गेले? पहिली शक्यता खरी असेल तर नदीचे पाणी पिणे बंद झाले आहे. दुसरी खरी असेल तर ते अद्याप चालू आहे. शब्दशः पाहता तर या वाक्यातून ‘नदीचे पाणी पिण्याच्या कामी गावकऱ्यांचा वापर केला जातो’ असा हास्यास्पद अर्थ निघतो. परंतु हसण्यावारी नेण्यासारखी ही बाब नाही. गावात पाणी शुद्धीकरणाची व्यवस्था तातडीने हवी की नको, हा निर्णय अशा एका वाक्यावर अवलंबून असू शकतो. व्याकरणाची चूक येथे केवळ गुण कमी होण्यापुरती राहत नाही. ती लोकांच्या आरोग्यापर्यंत पोहोचते.

आपला रीतिभूतकाळ

पहिल्या रचनेला मराठीत अगदी नेमका प्रतिरूप प्रकार आहे. ‘तो रोज पहाटे उठे’, ‘आजोबा पंढरीला पायी जात असत’, ‘आम्ही विहिरीवर पोहायला जात असू’ या वाक्यांतील क्रियापद भूतकाळातील नेहमीची रीत दाखविते. मराठी व्याकरणात याला रीतिभूतकाळ असे म्हणतात. इंग्रजीतील ‘यूज्ड टु’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप, ही रचना म्हणजे हा रीतिभूतकाळच होय. ‘ही यूज्ड टु वॉक टु पंढरपूर’ म्हणजे तो पंढरपूरला पायी जात असे. कर्ता एक असो वा अनेक, प्रथम पुरुष असो वा तृतीय, ‘यूज्ड टु’चे रूप बदलत नाही.

मग चूक होते ती कोठे? ती तीन ठिकाणी होते.

एक म्हणजे, बोली मराठीत ‘मी रोज शाळेत चालत जात होतो’ असेही आपण म्हणतो आणि त्यातून रीतीचाच बोध होतो. त्याचे शब्दशः भाषांतर करून ‘आय वॉज वॉकिंग टु स्कूल एव्हरी डे’ असे लिहिले जाते. इंग्रजीत ‘वॉज वॉकिंग’ ही रचना मुख्यतः एखाद्या विशिष्ट वेळी चालू असलेली क्रिया दाखविते. मी शाळेत जात होतो, तेवढ्यात पाऊस आला, असे सांगावयाचे असेल तर ती योग्य ठरते. गेलेल्या काळातील नित्याची रीत सांगताना ‘आय यूज्ड टु वॉक टु स्कूल’ असे म्हणावे.

दुसरी चूक वर्तमानकाळाची. ‘मी रोज पहाटे उठतो’ याचे इंग्रजी ‘आय यूज टु गेट अप अर्ली’ असे केले जाते. जुन्या इंग्रजीत अशी वर्तमानकाळी रचना होती. परंतु ती केव्हाच लोप पावली. आजच्या इंग्रजीत ही रचना केवळ भूतकाळासाठीच उरली आहे. आजची रीत सांगताना साधा वर्तमानकाळ वापरावा आणि हवे असल्यास ‘यूज्वली’ हा शब्द जोडावा : ‘आय यूज्वली गेट अप अर्ली.’

तिसरी चूक कालावधीची आहे व ती सेवाविषयक टिपणांत विशेष आढळते. ‘ही यूज्ड टु वर्क इन सातारा फॉर थ्री इयर्स’ असे लिहू नये. किती वर्षे किंवा किती वेळा हे मोजून सांगावयाचे असेल, तर साधा भूतकाळ वापरावा : ‘ही वर्क्ड इन सातारा फॉर थ्री इयर्स.’ ‘यूज्ड टु’ रीत सांगते, हिशेब सांगत नाही.

गेलेल्या काळातील नित्याची कृती सांगण्यासाठी इंग्रजीत ‘वुड’ हा शब्दही योजतात. ‘माय ग्रँडफादर वुड टेल अस स्टोरीज’ म्हणजे आजोबा आम्हांला गोष्टी सांगत. परंतु ‘वुड’ केवळ कृतीसाठी चालतो, स्थितीसाठी नाही. आमच्या वाड्यात पूर्वी विहीर होती, हे सांगताना ‘देअर यूज्ड टु बी अ वेल’ असे म्हणता येईल. त्या ठिकाणी ‘वुड’ चालणार नाही.

‘टु’ची दोन रूपे

सर्व गोंधळाचे मूळ ‘टु’ या लहानशा शब्दात आहे. पहिल्या रचनेतील ‘टु’ हा पुढील क्रियापदाच्या मूळ रूपाला जोडलेला आहे, म्हणून ‘टु ड्रिंक’. दुसऱ्या रचनेतील ‘टु’ मात्र शब्दयोगी अव्ययाचे काम करतो. त्याच्यापुढे नाम यावे लागते, आणि क्रियापद आणावयाचेच असेल तर त्याला ‘इंग’ लावून नामासारखे करावे लागते, म्हणून ‘टु ड्रिंकिंग’. मराठीतही आपण ‘पिण्याची सवय’ म्हणतो, ‘पितो सवय’ म्हणत नाही. क्रियापदाचे ‘पिणे’ असे धातुसाधित नाम करून मगच त्याला प्रत्यय लावतो. इंग्रजीतील ‘इंग’ येथे आपल्या ‘णे’चेच काम करतो. ही तुलना फळ्यावर मांडून दाखविली, तर विद्यार्थ्याला नियम पाठ करण्याची गरज उरत नाही.

कोठला ‘टु’ कोणता, हे ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. त्याच्यापुढे क्रियापदाऐवजी नाम ठेवून पाहावे. ‘आय ॲम यूज्ड टु द नॉइज’, म्हणजे मला या गोंगाटाची सवय आहे, हे वाक्य निर्दोष आहे. अर्थात हा ‘टु’ शब्दयोगी आहे व त्यापुढे ‘इंग’ हवे. याच जातीच्या आणखी काही रचना कार्यालयीन पत्रव्यवहारात वारंवार येतात : ‘लुक फॉरवर्ड टु’ म्हणजे वाट पाहणे, ‘ऑब्जेक्ट टु’ म्हणजे हरकत घेणे, ‘ॲकस्टम्ड टु’ म्हणजे सरावलेला. ‘वुई लुक फॉरवर्ड टु रिसीव्ह युअर रिप्लाय’ असे अनेक पत्रांच्या अखेरीस लिहिलेले असते. ते ‘टु रिसीव्हिंग’ असे हवे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मराठीत सवय माणसाला होते : ‘मला सवय आहे’, ‘तिला सवय झाली’. माणूस येथे चतुर्थीत असतो आणि ‘सवय’ हा कर्ता असतो. इंग्रजीच्या या रचनेत माणूसच कर्ता होतो : ‘आय ॲम यूज्ड टु’, ‘शी गॉट यूज्ड टु’. मराठी वाक्याचा सांगाडा तसाच ठेवून ‘टु मी’ने सुरुवात केली की वाक्य बिघडलेच म्हणून समजावे.

सवय होण्याच्या पायऱ्या

‘सवय असणे’ ही स्थिती आहे, तर ‘सवय होणे’ हा बदल आहे. इंग्रजीत स्थितीसाठी ‘बी यूज्ड टु’ आणि बदलासाठी ‘गेट यूज्ड टु’ अशी विभागणी आहे. नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची सारी कहाणी या दोहोंच्या काळरूपांतून सांगता येते. त्यासाठी संपूर्ण देशाने अनुभवलेल्या एका बदलाचे उदाहरण घेता येईल.

१ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती अमलात आली. त्यापूर्वी रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै होत असत. नव्या पद्धतीत रुपयाचे १०० नवे पैसे झाले. चार आण्यांचे २५ आणि आठ आण्यांचे ५० नवे पैसे हा हिशेब सरळ होता. परंतु एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत असल्याने किरकोळ व्यवहारात अडचण येई. काही वर्षे जुनी व नवी नाणी बाजारात एकत्रच चालत होती. पुढे लोक सरावले आणि १ जून १९६४ पासून ‘नवा’ हे विशेषण गळून नुसता ‘पैसा’ राहिला.

हा क्रम इंग्रजीत असा मांडता येईल. प्रथम जुनी रीत : ‘पीपल यूज्ड टु काउंट इन आणाज’, म्हणजे लोक आण्यांत मोजत असत. मग अनोळखीपणा : ‘दे वेअर नॉट यूज्ड टु द न्यू कॉइन्स’, म्हणजे नव्या नाण्यांची त्यांना सवय नव्हती. मग बदलाचा काळ : ‘दे वेअर गेटिंग यूज्ड टु काउंटिंग इन हंड्रेड्स’, म्हणजे शंभराच्या हिशेबाची सवय होत होती. आणि अखेर : ‘बाय १९६४ दे हॅड गॉट यूज्ड टु द न्यू सिस्टिम’, म्हणजे १९६४ पर्यंत नवी पद्धत अंगवळणी पडली होती. चार वाक्यांत जुनी रीत, अडखळणे, सराव आणि स्थैर्य या चारही पायऱ्या आल्या. वजनामापांबाबतही हेच घडले. मेट्रिक वजने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने प्रचारात आली आणि शेर जाऊन किलोग्रॅम आला. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्यामुळे शेर आणि किलो यांतील फरक जेमतेम ६७ ग्रॅम. एवढा थोडा फरक असूनही गिऱ्हाइकाची भाषा बदलण्यास वेळ लागला. २५ पैशांचे नाणे २०११ साली चलनातून गेले, तरी ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ हे शब्द बोलण्यात अद्याप ऐकू येतात.

सर्वच बदल इतके सौम्य नसतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या भूकंपानंतर अनेक गावे नव्या जागी वसविण्यात आली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे आणि अरुंद बोळ यांत वाढलेल्या माणसांपुढे आखीव, रुंद रस्त्यांचे गाव उभे राहिले. अशा प्रसंगी ‘दे गॉट यूज्ड टु इट’, म्हणजे त्यांना सवय झाली, एवढे सांगणे अपुरे ठरते. दुःख पचवून वस्तुस्थितीचा स्वीकार करणे यासाठी इंग्रजीत ‘कम टु टर्म्स विथ’, आणि संकटाला तोंड देत निभावून नेणे यासाठी ‘कोप विथ’ असे शब्दप्रयोग आहेत. सवय होणे आणि स्वीकारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुनर्वसनाविषयी लिहिणाऱ्याने हा विवेक अवश्य बाळगावा.

उच्चाराने होणारी उकल

लेखनात ही रूपे सारखी दिसली तरी बोलताना त्यांत फरक पडतो. रीतिभूतकाळाच्या आणि सवयीच्या अर्थी ‘यूज्ड टु’चा उच्चार साधारणतः ‘यूस्टु’ असा, ‘स’ ध्वनीने होतो व मधला ‘ड’ ऐकू येत नाही. ‘वापरला जातो’ या अर्थी मात्र ‘यूझ्ड’ असा, घोष ध्वनीने व ‘ड’सह उच्चार होतो. शिक्षकाने वर्गात वाक्ये मोठ्याने वाचून हा भेद कानाला ओळखीचा करून दिला, तर लेखनातील गोंधळही बराच कमी होईल.

‘ड’ ऐकू येत नसल्यामुळे आणखी एक चूक संभवते. होकारार्थी वाक्यात ‘यूज्ड’ असे पूर्ण लिहावे. नकारात आणि प्रश्नात मात्र ‘डिड’ आल्यामुळे भूतकाळ तेथेच दाखविला जातो. म्हणून पुढे ‘यूज’ हे मूळ रूप ठेवावे : ‘ही डिड नॉट यूज टु स्मोक’, ‘डिड यू यूज टु लिव्ह हिअर?’ सवयीच्या रचनेत ‘डिड’ची गरज नाही, तेथे ‘इज नॉट यूज्ड टु’, ‘आर यू यूज्ड टु?’ अशी रूपे होतात.

अडॅप्ट, अडॉप्ट आणि ॲडजस्ट

जुळवून घेण्याच्या संदर्भात आणखी तीन शब्दांची ओळख हवी. ‘अडॅप्ट टु’ म्हणजे परिस्थितीनुसार स्वतःत बदल करणे. ‘अडॉप्ट’ म्हणजे अंगीकारणे, दत्तक घेणे किंवा संमत करणे. ग्रामपंचायत ठराव ‘अडॉप्ट’ करते. शेतकरी कमी पावसाशी ‘अडॅप्ट’ करतो व त्यासाठी ठिबक सिंचन ‘अडॉप्ट’ करतो. एका स्वराच्या फरकाने अर्थ पालटतो, हे या एका वाक्यावरून सहज कळेल.

‘ॲडजस्ट’ हा शब्द तर मराठी बोलण्यात पुरता रुळला आहे. एस. टी.च्या बाकावर तिघांत चौथ्याला जागा करून देणे म्हणजेही आपल्याकडे ‘ॲडजस्ट करणे’च. प्रमाण इंग्रजीत मात्र नव्या स्थितीशी स्वतःला जुळवून घेणे या अर्थी ‘ॲडजस्ट टु’ अशी रचना होते व पुढे कशाशी ते सांगावे लागते. नव्या ठिकाणी स्थिरावणे, म्हणजेच आपले ‘रुळणे’, यासाठी ‘सेटल इन’ हा शब्दप्रयोग जवळचा आहे. नव्या गावची हवा ‘मानवत नाही’ याला ‘द क्लायमेट डज नॉट अग्री विथ हिम’ हा प्रतिशब्द चांगला जुळतो.

तीन प्रश्नांची कसोटी

लिहिताना मनाशी तीन प्रश्न विचारले, तर यातील बहुतेक चुका टळतील. पूर्वी होते आणि आता नाही, असे सांगावयाचे आहे काय? तर ‘यूज्ड टु’ आणि मूळ क्रियापद. सवय आहे किंवा होत आहे, असे सांगावयाचे आहे काय? तर ‘बी’ अथवा ‘गेट’, त्यानंतर ‘यूज्ड टु’ आणि पुढे नाम किंवा ‘इंग’ लावलेले रूप. वस्तूचा वापर कशासाठी होतो, हे सांगावयाचे आहे काय? तर वस्तू कर्त्याच्या जागी, पुढे ‘इज यूज्ड टु’ आणि मूळ क्रियापद.

वर्गात याचा सराव पाठ्यपुस्तकाबाहेरच्या विषयांवर घेता येईल. गावात वीज, नळ, पक्का रस्ता किंवा मोबाईल येण्यापूर्वी लोक काय करीत असत, हे विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना मराठीत विचारावे आणि प्रत्येक उत्तराचे एक इंग्रजी वाक्य तयार करावे. आजी जात्यावर दळत असे, आता गिरणीच्या पिठाची सवय झाली आहे. या एका उत्तरातून दोन रचनांचा अभ्यास होतो आणि गावाचा अलीकडचा इतिहासही वहीत उतरतो. कार्यालयात इंग्रजी मसुदा तपासणाऱ्याने ‘यूज्ड टु’ हे शब्द दिसताच क्षणभर थांबावे, आणि गोष्ट कालची आहे की आजची, याची खात्री करून मगच कागद पुढे पाठवावा.